बोरकरकाकांची लुगडी

बोरकरकाका कुणाच्याही घरी गेले की आधी दोरीवरच्या साड्या न्याहाळायचे. रायपुरातल्या आमच्या चौबे कॉलनीतल्या बायका त्यांचा आवाज आला की वाळत घातलेलं आत नेत. "वहिनी, हे विरलं नं? मग काहून जपून ठेवून राहिल्या? मले द्या." एरवी भिडस्त माणूस, पण साडी दिसली की भीडभाड गुंडाळून ठेवायचा. पंडरी बाजारातले कापडवाले तर त्यांना लांबून पाहूनच डागी माल बाजूला काढत, तेवढीच सुटका.

काका वनखात्यात होते. राज्य नवीन झालं, रायपूर राजधानी झालं, बाकीचे साहेब बंगल्यांच्या मागे लागले आणि काका साड्यांच्या. कारण होतं मोहाची फुलं. ती पहाटे झाडाखाली पडतात, पाचोळ्यात दिसत नाहीत, म्हणून वेचणाऱ्या बायका आधी पाचोळा पेटवतात. ती आग रानात शिरते आणि चारोळीची कोवळी रोपं जळतात. पुढे चारोळीच नसेल तर ही माणसं खातील काय, या काळजीनं काकांना खरंच झोप लागत नसे. झाडाखाली साडी अंथरली की आगीचं कामच नाही, हा त्यांचा तोडगा.

गरियाबंदकडच्या एका गावात त्यांनी गठ्ठेच्या गठ्ठे वाटले आणि मोहाच्या दिवसांत मोठ्या तोऱ्यात मला दाखवायला घेऊन गेले. झाडांखालची जमीन काळीकुट्ट. समोरून बायका आल्या त्या सगळ्या चौबे कॉलनी नेसून. माझ्या आईची मोरपंखी साडी सुखबती नावाच्या एकीच्या अंगावर होती, आणि खरं सांगते, तिला ती जास्त शोभत होती.

"अतेक सुग्घर लुगरा ला भुइँया म कइसे बिछाबो, साहेब?" सुखबतीनं विचारलं. इतकं चांगलं लुगडं कुणी मातीत अंथरतं का? काका जळलेल्या रोपांपाशी जाऊन बसले. त्यांचे डोळे भरलेले पाहून मला फार वाईट वाटलं.

सुखबतीलाही वाटलं असावं. ती घरात गेली आणि स्वतःचं विटलेलं लुगडं घेऊन आली. "नवा ला पहिरबो, जुन्ना ला बिछाबो," नवं नेसू, जुनं अंथरू, अशी तिनं तोड काढली.

परतताना राजिम येईपर्यंत ही युक्ती काकांची स्वतःची झाली होती. "मी तर पहिल्यापासून हेच सांगून राहिलो होतो," ते पुढे वर्षानुवर्षं सांगत, आणि आम्ही माना डोलवत असू.

काका गेले त्यानंतरच्या मोहाच्या दिवसांत मी एकटीच साड्या घेऊन त्या गावात गेले. झाडांखाली जुनी लुगडी पसरलेली, त्यांवर फुलं. मागे चारोळीची झाडं माझ्याहून उंच झालेली. काका राहिले नाहीत, हे मी सुखबतीला कसंबसं सांगितलं. तिनं पदर डोळ्यांना लावला आणि पुन्हा फुलं वेचायला वाकली. तेवढ्यात पलीकडे तिच्या नवऱ्यानं बिडीसाठी काडी ओढली. ती तशीच वळून त्याच्यावर खेकसली, "इहाँ आगी झन बार. साहेब गुसियाही." इथं आग पेटवू नको, साहेब रागावतील.