नायना मला न्यायला आले तेव्हा

सोलापूरच्या एसटी स्टँडवर मुंबईची गाडी लागली, तेव्हा नायना, म्हणजे माझे वडील, कारखान्यातून तसेच धावत आले होते. भुवयांवर कापसाची धूळ, अंगात बनियन. अम्मा रडत होती. आत्या तोंड फिरवून उभी होती, कारण नाटकात जाणाऱ्या पोरीकडे बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं आणि त्या घरघरीत नायनांनी खिडकीखालून नुसते ओठ हलवून विचारलं, "तिन्नवा?" जेवलीस का? मीही ओठांनीच सांगितलं, जेवले. जेवले नव्हते. त्यांनी माझ्या तोंडाकडे एकदाच पाहिलं, समोरच्या गाड्यावरून केळी घेतली आणि सुटत्या गाडीत कोंबली.

सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत, माझ्याबरोबर वाढलेल्यांना हे सांगायला नको. पण जे बाहेर पडले आणि ज्यांची मुलं आता विचारतात त्यांच्यासाठी सांगते. आमच्या घराच्या भिंतीला लागून यंत्रमाग होते. सकाळी ते सुरू झाले की बोलण्यात अर्थच नसायचा, म्हणून आम्ही ओठांनी बोलायचो. भांडणंसुद्धा तशीच. नायनांचे कान मागांनी केव्हाच खाऊन टाकले होते, पण समोरच्या माडीवर उभी असलेली बाई काय कुजबुजतेय ते त्यांना खालून कळायचं. मी गायला शिकले ती त्या खडखडाटातच. मागापेक्षा वर सूर लावायचा, एवढंच मला तेव्हा गाणं म्हणून माहीत होतं.

मुंबईत ज्या संगीत नाटकासाठी मी गेले, त्यात मला दोन पदं होती. चार-सहा प्रयोगांत नाटक बंद पडलं. परत जायचं तर आत्या काय म्हणेल ते मला पाठ होतं. मग मी मालिकांमध्ये गर्दीत उभी राहायला लागले. लग्नातली पाहुणी, हॉस्पिटलातली नातेवाईक, देवळातली बाई. फोनवर अम्माला सांगायची, मस्त चाललंय. तुम्ही नाही सांगत? आपण सगळेच सांगतो. नायनांना फोनवर ऐकू येत नसे, त्यामुळे तेवढी एक परीक्षा टळत होती.

गर्दीचं एक शास्त्र असतं. पुढे मुख्य नट बोलत असतात आणि मागच्यांनी आवाज न करता गप्पा मारल्यासारखं करायचं असतं. बाकीच्या बायका पाढे म्हणत, भाज्यांची नावं घेत. मीही तेच करायची. एकदा लग्नाच्या सीनमध्ये हातात अक्षतांचं ताट घेऊन मी सकाळपासून उभी होते. पाय सुजले होते, खोलीवाल्या बाईने दुसरी खोली बघ म्हणून सांगितलं होतं. टेक सुरू झाला, ओठ हलवायची वेळ आली आणि तोंडातून आवाज न करता बाहेर पडलं ते हे: "नायना, नन्नु इंटिकि तीस्कपो." मला घरी घेऊन जा. सगळ्या मांडवात ते समजणारं कुणी नव्हतं. म्हणून मी ते परत म्हटलं. आणि परत. रडू आलं ते दिग्दर्शकाला इतकं आवडलं की त्याने कॅमेरा माझ्यावर जरा जास्त थांबवला.

तो भाग दाखवायला बरेच आठवडे गेले. मधल्या काळात माझं नशीब फिरलं. एका नव्या संगीत नाटकातली मुख्य भूमिका करणारी मुलगी आजारी पडली आणि ऑडिशनमध्ये माझा आवाज दिग्दर्शकांच्या मनात भरला. नऊ पदं, बारीकसारीक नाही, पूर्ण नाटक माझ्या खांद्यावर. पहिला प्रयोग दोन दिवसांवर आला आणि तिकडे टीव्हीवर ते लग्न लागलं. सकाळी अम्माचा फोन आला. आधी कौतुक, गल्लीभर सगळे बघायला आले होते, लई भारी दिसत होतीस. मग तिचा आवाज बसला. "नायना तुला बघितले आन् उठूनच गेले गं. रातच्या गाडीनं निघालेत. तुला आणायला."

मला क्षणात सगळं कळलं. मांडवात कुणालाच न समजलेले माझे ओठ त्यांनी टीव्हीवर वाचले होते.

तालमीच्या हॉलचा पत्ता मीच अम्माला दिला होता. ऑर्गनवर सूर धरला होता, मी दारात डोळे लावून गात होते आणि चुकत होते. दिग्दर्शक म्हणाले, लक्ष कुठे आहे? काय सांगणार? नायना माणूस शब्दाचा. मला पाठवताना ते सगळ्या नातेवाइकांशी एकटे लढले होते. आता पोरगी टीव्हीवरून रडून हाक मारते म्हटल्यावर ते रिकाम्या हाताने परत जाणार नव्हते. आणि मी त्यांच्यासमोर नाही म्हणू शकेन, असं मला वाटत नव्हतं.

ते आले. खांद्यावर टॉवेल, हातात पिशवी. रागावले की ते तेलुगू सोडून मराठीवर येतात, आणि ऐकू येत नसल्यामुळे आवाज असा की सगळा हॉल गप्प.

"चल. दोन सीटं काढल्यात दुपारच्या गाडीला. सामान कुटं हाय?"

मी ओठांनी म्हटलं, नको.

"टीव्हीत तूच म्हणालीस की!"

ते उगाच, कामासाठी ओठ हलवत होते, असं सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांची नजर माझ्या ओठांवर होती. तिथे खोटं टिकत नाही.

"तवाचं खरं, का आत्ताचं खरं?"

"दोन्ही," मी म्हटलं.

असं काही उत्तर मी देईन हे मलाही माहीत नव्हतं. पण खरं तेच होतं. मला घरी जायचं होतं, छातीत कळ येईल इतकं जायचं होतं. आणि मला हॉलमधून हलायचं नव्हतं.

नायनांनी पिशवी खाली ठेवली. मग खुर्ची ओढून माझ्या अगदी समोर बसले. "गा. बघू दे."

मी गायले. त्यांना सूर ऐकू येणार नव्हता, तरी इतकी घाबरून मी आयुष्यात कधी गायले नाही. मागावरून उतरणाऱ्या कापडात तुटका धागा शोधावा तसं ते माझं तोंड बघत होते. पद संपलं. ते उठले, "पाणी पी," म्हणाले आणि पिशवी उचलली. दिग्दर्शकांनी पुढचा प्रवेश लावला होता. मला त्यांना खालपर्यंत सोडायलाही जाता आलं नाही.

त्या नाटकाने मला उभं केलं. नंतर मालिकेतली आई झाले, सिनेमात नायकाची वहिनी झाले, अजून महिन्याला दोन-तीन तरी प्रयोग गाते. मेकअप रूममधून मी नायनांना व्हिडिओ कॉल करते. दोन्हीकडे आवाज बंद. नव्या मुली म्हणतात, मॅडम, नेटवर्क गेलंय.

त्या परतीच्या प्रवासाबद्दल नायना माझ्याशी कधी बोलले नाहीत. गल्लीतला एक माणूस त्याच गाडीत होता. त्याने अम्माला सांगितलं आणि अम्माने फार उशिरा मला. नायनांनी खिडकीजवळच्या सीटवर टॉवेल टाकला होता. पुण्याला गाडी भरली, लोक भांडले, कंडक्टरने विचारलं. "पोरगीची हाय," नायना सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं सांगत राहिले. मोहोळला एक म्हातारी चढली. तिला ते नाही म्हणू शकले नाहीत. उठले, तिला स्वतःच्या जागेवर बसवलं आणि माझी सीट तशीच रिकामी ठेवून सोलापूरपर्यंत उभे राहिले.

मुलाखतीत मला विचारतात, आता घर कुठलं, मुंबई की सोलापूर? मी काहीतरी बरं उत्तर देते. मनात मात्र ती सीट येते. मी येणार नाही हे माहीत असून माझा बाप जिच्याशेजारी उभा राहिला, ती.