आबांच्या भजनांची डिस्क

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सरळच सांगतो, आढेवेढे घेत नाही — आणि बघा, घ्यायलाच लागलो.

आमच्या घराण्यात पहिला पदवीधर मी. त्याची घमेंड होती. होती कशाला — आहे. थोरला भाऊ, दादा, दहावी नापास, कबनूरला यंत्रमागावर कामाला. आमचे वडील, आबा, गेले तेव्हा मागं राहिल्या त्यांच्या भजनाच्या चाळीसेक कॅसेटी. दादानं टेपपुढं माईक धरून एकेक भजन कॉम्प्युटरवर चढवलं. तेही माग बंद असतील त्याच दिवशी, नाहीतर खडखडाट आत शिरायचा. दोन वर्षं लागली. मग कॅसेटी भंगारात घालायला कुणी लावल्या? मीच. अडगळ म्हणालो.

पुढं कॉम्प्युटर अडखळायला लागला. नवी डिस्क घालायला दादानं तो वाकळेत गुंडाळून मोटरसायकलवरनं कोल्हापूरला माझ्याकडं आणला.

"आबांची भजनं आधी काढून ठेवलीस न्हवं?"

"मला शिकवतोस व्हय?"

आणि मी काय कॉपी केलं होतं? स्क्रीनवरचे शॉर्टकट. नुसत्या दारावरच्या पाट्या — आत घरच नाही. दोन वर्षांचं काम पापणी लवायच्या आत कॉपी झालं, तेव्हा शंका आली नाही? आली. पण दादा शेजारी बसून बघत होता. त्याच्यासमोर पुन्हा तपासायचं म्हणजे कमीपणा. जुनी डिस्क पुसली, तिच्यात माझे पिक्चर भरले.

दोन दिवसांनी एकही भजन उघडेना. तेव्हा मी म्हणालो — "गाडीवरनं आणलास, हादऱ्यानं जुनी डिस्क गेली."

तो म्हणाला, "तू शिकलेला हाईस. म्हंजी तसंच असंल."

सात वर्षं झाली. पै-पाहुणे आबांची भजनं मागतात, आणि दादा मान खाली घालतो. "माझ्या हातनं गेली," म्हणतो. मी तिथंच बसलेला असतो, चहा पीत.

परवा त्यानं पोरीसाठी इथनं लॅपटॉप घेतला. मोटरसायकल माझ्या दारात लावली आणि लॅपटॉप मांडीवर धरून एसटीनं कबनूरला गेला. गाडीवर नको म्हणाला.

तीच गाडी घेऊन मी आत्ता निघालोय. माफी मागणार नाही. मागितली की तो देणार, हे मला ठाऊक आहे. झालं ते तेवढं सांगणार, पोरीसमोर.

आज माग बंद आहेत. त्याला नीट ऐकू जाईल.