साहेबांच्या कपाटाची चावी

पासपोर्टच्या कव्हरचा रबरी वास आला की मला दुबईतल्या जबल अलीच्या आमच्या ऑफिसातलं स्टीलचं कपाट आठवतं. त्या काळी कंपनी सगळ्यांचे पासपोर्ट त्यात ठेवायची. सुट्टीवर जाताना साहेबांनी चावी गुपचूप माझ्या हातात ठेवली होती, 'माझ्या सहीशिवाय उघडायचं नाही' असं बजावून. दुपारी स्टोअरमधले काका घामाने भिजून आले. त्यांच्या मुलाचा अमेरिकेतला कॉलेजचा बेसबॉल संघ मोसमाच्या शेवटच्या राष्ट्रीय स्पर्धेत पोचला होता. "व्हिसा आहे, तिकीटही मिळतंय. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही रे, पण पोराला बाप दिसला पाहिजे." माझाही पासपोर्ट त्याच कपाटात होता. नोकरी जाण्याच्या भीतीने मी म्हणालो, "चावी साहेबांकडे आहे, काका." ती खिशात मांडीला टोचत होती. साहेब परतले तोवर स्पर्धा संपली होती. "हरले. फोनवर म्हणाला, इट्स ओके, बाबा," काकांनी सांगितलं. मग माझा चेहरा पाहून म्हणाले, "तू कशाला वाईट वाटून घेतोस? चावी थोडीच तुझ्याकडे होती?" आता माझा पासपोर्ट घरातल्या बिनकुलपाच्या खणात असतो, आणि काकांना खरं सांगायचं अजून राहिलंच आहे.