भाऊजींचा खडकावरचा अविश्वास

बाळांनो, पायाखालच्या जमिनीवर कवडीचाही विश्वास नसलेला माणूस अख्ख्या हैदराबादेत एकच होता, आणि तो दर रविवारी आपल्याकडे जेवायला यायचा. माझे धाकटे दीर, म्हणजे तुमचे धाकटे आजोबा. या हिवाळ्यात तुम्ही याल तेव्हा स्टेशनच्या नव्या इमारतीतून बाहेर पडाल. त्या गर्दीत मी तुमचं सामान सांभाळेन की त्यांच्याबद्दल सांगेन? म्हणून आत्ताच लिहिते. अक्षरं अडली तर आईकडून वाचून घ्या.

भाऊजी मातीचे इंजिनियर. इमारत उभी करण्याआधी यंत्राने जमिनीत खोल भोक पाडायचं, खालचे नमुने वर काढायचे आणि इथे पाया टिकेल का ते सांगायचं, हे त्यांचं काम. ते काम त्यांना सुट्टीच्या दिवशीही सोडत नसे. माझ्या सासूबाई देवासाठी वाती वळायला बसल्या की हे शेजारी बसून ओल्या मातीच्या वाती वळत. बारीक होईपर्यंत वात तुटली नाही तर माती चिकण, तिच्यापासून सावध राहायचं. सासूबाई म्हणत, "तुझ्या वातींनी कुठला देव उजळायचा आहे रे?" सुलतान बाजारात आम्ही बायका साड्या बघत होतो, तेव्हा हे दुकानासमोर नळासाठी खणलेल्या चरात उतरले. काय हरवलं म्हणून दुकानदार धावत बाहेर आला. त्या दिवशी साडीच्या पिशवीतून घरी मुरूम आला. नणंदेच्या मुलीला दिलसुखनगरचं स्थळ आलं, तेव्हा आम्ही सगळे मुलाकडे बघत होतो आणि भाऊजी दाराच्या चौकटीवरच्या तिरक्या भेगांकडे. परतताना म्हणाले, "मुलगा सोन्यासारखा आहे. घराखाली मात्र काळी माती आहे, पावसाळ्यात फुगते ती." लग्न झालं, संसार छान चालला आहे. पण पावसाळ्यात त्यांचं पुढचं दार अजून अडकतं, आणि भाची फोनवर सांगते, मामांचा पावसाळा सुरू झाला.

पण त्यांचा खरा अविश्वास खडकावर. आपल्या गावात जिकडे बघावं तिकडे दगड, त्यामुळे लोकांना वाटतं खाली सगळा कातळच असणार. भाऊजी म्हणत, तसं नसतं. कातळ हजारो वर्षं कुजत जातो, त्याचा मुरूम होतो, आणि न कुजलेले मोठाले गोटे त्या मुरमात शिऱ्यातल्या बेदाण्यांसारखे अडकून राहतात. यंत्र अशा गोट्यावर आदळलं की सगळे खूश होतात, कातळ लागला म्हणून. त्यावर खांब उभा केला की खालचा मुरूम दबतो आणि खांब खचतो. म्हणून खडक लागला तरी भाऊजी म्हणायचे, अजून खाली.

स्टेशन वाढवायचं ठरलं तेव्हा ते निवृत्त होते आणि माझी जाऊ नुकतीच गेली होती. घरात त्यांना भिंती खायला उठत. कंत्राटदाराने सल्लागार म्हणून बोलावलं आणि त्यांनी पुन्हा दाढी रोज करायला सुरुवात केली. हे काम सुटलं तर पुन्हा त्या रिकाम्या घरात दिवस काढायचे, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

आणि तिथेच त्यांनी हट्ट केला. रिक्षाथांब्याच्या जागी पहिलं भोक घेतलं, खडक लागला. नियमाप्रमाणे जेवढं आत जायचं तेवढं गेले. यंत्रावरचा मिस्त्री म्हणाला, "साब, पत्थर लग गया, अब बस करो." भाऊजी म्हणाले, "नक्को मियाँ, और जाने दो." दिवसभर यंत्र चाललं. इकडे गाड्या येत होत्या, जात होत्या, हमाल थांबून बघत होते. अखंड कातळ निघाला. भाऊजी सपशेल चुकले होते. कंत्राटदाराने दुसऱ्या दिवशी फार अदबीने सांगितलं की सार, उन्हाचे दिवस आहेत, तुम्ही विश्रांती घ्या, गरज पडली की गाडी पाठवू.

गाडी आली नाही. रविवारी जेवायला येत, पण मातीचं नाव काढत नसत. मला तेच जास्त लागलं. मी कुंडीतली माती बदलत होते, तर शेजारी बसून नुसते बघत राहिले.

मग एका रविवारी स्टेशनच्या कामावरची तरुण इंजिनियर पत्ता विचारत आमच्याकडे आली. वरंगळची मुलगी, भाऊजींच्या हाताखाली काम केलेली. तिने जेवणाच्या टेबलावर, माझ्या धुतलेल्या टेबलक्लॉथवर, यंत्राने खालून काढलेला दगडाचा गोल लांब तुकडा ठेवला आणि शेजारी मुरमाची पुडी. "देखो सार. ऊपर पत्थर, नीचे ये."

भाऊजींनी मुरूम चिमटीत घेऊन चुरडला. "माझ्या भोकातलं?" त्यांनी हिंदीत विचारलं.

"नहीं सार, आपका वाला तो पक्का पत्थर था. ये स्टेशन के नए पुल के खंबे का है. सब बोले बस करो. मैं आपके जैसा बोली, और नीचे." पुडी पुन्हा बांधत ती म्हणाली, "खंबा अब नीचे तक जाएगा. कल से आतें क्या, सार?"

 भाऊजी माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, तुमचा इस्त्रीवाला आज असतो का हो?"

इमारतीवर छप्पर चढलं त्या वर्षी ते गेले. ती मुलगी आता दुसऱ्या गावी, दुसऱ्या स्टेशनावर काम करते. परवा तिचा फोन आला होता. खडक लागला तरी तिची माणसं अजून खाली जातात.