शामलाबाईंच्या काठाचा विटकरी

धम्मानंदने पहिल्याच भेटीत मला अटक करायचंच काय ते बाकी ठेवलं. माझा गुन्हा एवढाच, की आजोबांच्या कापड दुकानातला साठ वर्षांपूर्वीचा छापील कॅटलॉग मी गुंडाळून पिशवीत कोंबला होता. नागपुरात सीताबर्डीवरच्या त्याच्या स्कॅनिंगच्या दुकानात तो पिशवीतून काढला, तर दोन्ही हातांनी तो उचलून घेत हा म्हणाला, "भाऊ, लेकराले पाय धरून उचलता का गा तुम्ही?"

त्या कॅटलॉगात उमरेडच्या एका साडीचा विटकरी काठ होता. तिथल्या विणकर शामलाबाईंना तोच पुन्हा विणायचा होता. त्यांच्या आईने विणलेला तो काठ आता फक्त या पानावर उरला होता. सूत त्याच रंगात रंगवायला पुस्तकच रंगाऱ्याकडे पाठवलं असतं तर वाटेतच भुगा झाला असता, म्हणून त्याचं चित्र पाठवायचं ठरलं.

धम्मानंदने अर्धा तास नुसतं यंत्र तापू दिलं. काच पुसली. मागच्या पानाची छपाई उमटू नये म्हणून पानाखाली काळा कागद घातला. शेजारी रंगांच्या चौकटींची एक पट्टी ठेवली. "या चौकटींचे रंग मले पक्के माहीत हायेत. यंत्र त्याइले कसं पाहते, ते आधी समजू द्या." यंत्राने आपल्या मनाने रंग बदलू नयेत म्हणून 'ऑटो' बटणावर त्याने चिकटपट्टी मारली होती. चौथ्यांदा स्कॅन केल्यावर, उमरेडहून एसटीने आलेल्या शामलाबाई पडद्याकडे पाहून हळूच म्हणाल्या, "हाच. मायच्या लुगड्याचा."

आणि मग, सूत रंगवून घेणाऱ्या उमरेडच्या विणकर संस्थेचे सचिव दत्तोपंत यांनी ते चित्र मोबाईलवर पाहिलं. डोळ्यांना त्रास नको म्हणून या गृहस्थांच्या मोबाईलचा पडदा बारमाही पिवळा. चित्र पिवळट दिसलं, म्हणून यांनी बोटाने त्यातला पिवळा काढला आणि परस्पर रंगाऱ्याला पाठवून दिलं. विचारलं कोणाला? कोणालाच नाही. विटकरीतला पिवळा गेला की राणी गुलाबी उरतो, हे शाळकरी पोरालाही कळतं. सचिवाला कळायची अट नसावी.

कळताच धम्मानंद दुकान बंद करून उमरेडला गेला. ती पट्टी त्याने दत्तोपंतांच्या मोबाईलशेजारी धरली. "पाहा. तुमच्या फोनमंधी पांढरी चौकटही हळदीची दिसून राहिली. अन् तुम्ही माह्या लालले सुधारून राहिले?"

"थोडा उजळच केला ना गा. लोकाइले उजळ आवडते. तू काहून एवढा तापून राहिला?"

तोवर सूत राणी रंगात रंगून आलं होतं. शामलाबाईंनी त्याचाच काठ विणला. साड्या आठ दिवसांत खपल्या, आणि संस्थेने पुढचं सूतही राणीच मागवलं.