निवलेला चहा

पीण्या औद्योगिक वसाहतीत आमच्या कारखान्यासमोरच्या टपरीवर तो रोज साडेदहाला यायचा. शेजारच्या शेडमध्ये ग्राइंडिंग मशीनवर होता. साबणाने हात धुवायचा, चहाच्या गरम ग्लासला स्वच्छ रुमाल गुंडाळायचा, मनगटाला लावून बघायचा आणि मग मिटलेल्या पापण्यांवर धरायचा. तोवर चहा निवायचा. तो तसाच प्यायचा.

माझ्या पापणीतली गाठ दोनदा कापूनही परत आली होती. कॉटन वेस्टच्या बोळ्याने तेल पुसलं की हात स्वच्छ, असं आम्ही सगळेच समजायचो. त्याच हातांनी मी डोळा चोळत होतो.

"तसं करू नका, अण्णा," तो बेळगावी मराठीत म्हणाला. "मलाही अशी गाठ सारखी व्हायची."

"आता तर नाही. मग कशाला शेकता?"

"नाही म्हणूनच की. असताना सगळेच शेकतात."

दोन महिन्यांनी त्याच्याच पापणीवर गाठ दिसली. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

"एवढं करून आलीच ना?"

"आली. स्वल्प दिवस राहील," म्हणाला, आणि रोजच्याइतकाच वेळ शेकून त्याने चहा संपवला.

डोळ्याकडे गेलेला हात मी खाली घेतला आणि त्याच्याकडे साबण मागितला.