तिला कोणी धरीना

अकोटहून अकोल्याला जाणाऱ्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. कोपरांवर खरचटल्याच्या खुणा असलेली, सोळा-सतरा वर्षांची कबड्डीपटू. दुसऱ्या दिवशी जिल्हा संघाची निवड होती. बोलताना तिचा तळहात छातीकडे जाई आणि लक्षात येताच खाली येई. तिच्या हृदयाच्या ठोक्यांत मर्मर, म्हणजे एक जास्तीचा आवाज, ऐकू येतो, असे डॉक्टरांना आढळले होते. मात्र सर्व तपासण्यांनंतर त्यांनी खेळण्यास परवानगी दिली होती.

"मग काळजी कशाची?" मी संकोचत विचारले.

"गावात सगळ्याइले समजलं नं, काकू. तवापासून मले कोणी पकडूनच नाई राहिलं. चढाईले गेली का पोरी नुसता हात लावतेत अन् सोडून देतेत. रोज जिंकून राहिली मी. पण मले खेळता येते का नाई, हेच समजून नाई राहिलं."

अकोला आले. ती उठली, तशी मी नकळत तिची जड पिशवी उचलली.

"पाहा, तुमीबी," असे म्हणून तिने ती ओढली.

मी तत्काळ सोडून दिली. सोडायला हवी होती की धरून ठेवायला, हे मला अजूनही उमगलेले नाही.